नळाच्या चरांतील इतिहास

जुन्या नगरांतून नळ न्यावयाचा म्हणजे त्याच्या भूतकाळांतूनच न्यावयाचा. म्हणून यरुशलेममध्यें चर खणतांना पुराणवस्तुसंशोधकानें शेजारीं उभें राहावें, असा दंडक आहे. हें उभें राहणें दिसावयास रिकामपणाचें. परंतु २००४ सालीं त्याचें मोल सर्वांस कळलें.

त्या वर्षीं नगराच्या दक्षिण उतारावर मैलापाण्याच्या नळाचें काम चाललें असतां यंत्राखालीं दगडी पायऱ्या दिसल्या. देखरेखीस असलेल्या एली शुक्रोन यांनीं काम थांबविलें व रोनी राईख यांस कळविलें. पुढील उत्खननांत पांच-पांच पायऱ्या, मध्यें रुंद टप्पे, अशी सुमारें ७० मीटर लांबीची एक बाजू उघडी झाली. योहानाच्या शुभवर्तमानांत जन्मांध मनुष्य ज्या शिलोह तळ्यांत डोळे धुऊन डोळस झाला, तें हेंच असें संशोधकांनीं ठरविलें. तोंवर यात्रेकरूंस जवळचें एक लहान कुंड दाखवीत असत.

हा निर्णय कशावरून झाला? जुन्या गिलाव्यांत अलेक्झांडर यन्नाय (इ. स. पूर्व १०३–७६) या राजाचीं नाणीं रुतलेलीं होतीं, वरच्या गाळांत रोमविरुद्ध झालेल्या इ. स. ६६–७० च्या बंडाचीं. पहिल्यांवरून बांधकामाचा काळ कळला, दुसऱ्यांवरून तळें ओस पडल्याचा.

मौज अशी कीं, हें तळेंही नगराच्या पाणीपुरवठ्याचाच भाग होय. गीहोन झऱ्याचें पाणी ५३३ मीटर लांबीच्या बोगद्यांतून या बाजूस येई. परंपरा त्याचें श्रेय हिज्कीया राजास देते. परंतु १८८० सालीं बोगद्यांत सांपडलेल्या शिलालेखांत राजाचें नांव नाहीं. दोन्ही टोकांकडून खोदीत आलेल्या मजुरांस एकमेकांचे आवाज कसे ऐकूं आले, हें त्यांत वर्णिलें आहे.

चर उघडा राहिला म्हणजे नागरिकांची गैरसोय होते, आणि त्यांची तक्रार रास्तच असते. परंतु नळ उद्यांही घालतां येतो. मोडलेला थर पुन्हां रचतां येत नाहीं. तींच नाणीं मातीच्या ढिगांत मिळालीं असतीं तर संग्रहालयांत शोभलीं असतीं खरीं, पण तळ्याविषयीं एक अक्षरही बोललीं नसतीं.