लोहमार्ग-साहित्यासाठी स्पर्धा, अमेरिकन यादवी युद्धातील
(१८६१–६५). दक्षिणेकडील फुटीर राज्यसंघाचे सरकार आणि खासगी रेल्वे कंपन्या यांच्यात रूळ व लोखंडासाठी झालेली ओढाताण. युद्धारंभी दक्षिणेत सु. १४,५०० किमी. लोहमार्ग होते, उत्तरेत त्याच्या दुपटीहून अधिक. उत्तरेच्या नाकेबंदीमुळे परदेशी रुळांची आयात बंद पडली. रिचमंडच्या ट्रेडेगार लोहकारखान्यात तोफा आणि युद्धनौकांचे चिलखती पत्रे यांना अग्रक्रम मिळाला. कंपन्यांना नवे रूळ मिळेनात आणि झिजलेले बदलता येईनात. नौदलाची नजर तर जुन्या रुळांवरही होती : ‘आर्कान्सा’ या युद्धनौकेचे चिलखत रुळांचेच होते.

१८६३ मध्ये सरकारने एक लोह आयोग नेमला. कमी महत्त्वाचे फाटे उखडून त्यांचे रूळ मुख्य मार्गांना पुरवणे, हे त्याचे काम. महत्त्व ठरवायचे कोणी, हा खरा वाद होता. फ्लोरिडा रेल्वेचे अध्यक्ष डेव्हिड युली (माजी सिनेटर) यांनी १८६४ मध्ये न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला; सैन्याने तरीही रूळ काढून नेले. एरवी मात्र राज्यांच्या हक्कांची भाषा बोलणारे हे सरकार मालकांवर सक्ती करण्यास कचरत राहिले. डॅनव्हिल–ग्रीन्झबरो हा अवघा सु. ७७ किमी.चा जोडमार्ग, लष्करी निकड असूनही, १८६४ मध्ये कुठे पुरा झाला.

उत्तरेत जानेवारी १८६२ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना रेल्वे ताब्यात घेण्याचा अधिकार मिळाला होता. तो क्वचितच वापरावा लागला.