बोर्डोचं निळं पाणी

आंजर्ल्यात पोफळीची वाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला बोर्डो मिश्रण ठाऊक असतं. 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, लोखंडी भांड्यात मात्र नाही. माझे मामंजी त्या निळ्या पाण्यात विळ्याचं पातं बुडवायला लावत. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाल. मग पाऊस लागायच्या आत घोस न् घोस भिजवायचा. नाहीतर कोळेरोगानं भर पावसात हिरव्या सुपाऱ्यांचा झाडाखाली सडा पडतो.

हे बोर्डो म्हणजे फ्रान्सचं तांबड्या वाइनचं बंदर. तिथली हवाही समुद्राची, दमट. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या मिळून जिरोंदची खाडी होते. डावीकडच्या गोटाळ जमिनीत मुख्यतः काबर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षाची जात, उजवीकडच्या चिकणमातीत मेर्लो. मेर्लो लवकर फुटते, लवकर पिकते. काबर्ने मागाहून. वसंतात हिम पडलं तर मेर्लो मार खाते, काढणीत पाऊस लांबला तर काबर्ने कच्ची राहते. म्हणून दोन्ही लावायच्या, वेगवेगळ्या आंबवायच्या आणि मग मिसळायच्या. काबर्नेचा तुरटपणा, मेर्लोचा मऊपणा, आणि साखर पुरती आंबून गेल्यामुळे चव कोरडी. जगानं नावाजलेली ही वाइन मला तरी बागाईतदाराच्या सावधपणातून आलेली दिसते.

ती एकदा बुडायच्या बेतात होती. फायलोक्सेरा किडीनं मळे उजाड केले, म्हणून अमेरिकेतून वेली आणल्या, आणि त्यांच्यासोबत आलेला केवडा रोगही 1878 मध्ये फ्रान्समध्ये दिसला. पानं गळाली, मण्यांत साखर भरेना. 1882 च्या शरदात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांना सँ-ज्युलिएँच्या वाटेकडेच्या वेलींवर पानं शाबूत दिसली. येणाऱ्याजाणाऱ्यांनी घड तोडू नयेत, द्राक्षं विषारी वाटावीत, म्हणून तिथे मोरचूद आणि चुना शिंपडला होता. मिलार्देंनी रसायनशास्त्रज्ञ गायों यांच्यासोबत प्रयोग केले आणि 1885 मध्ये कृती जाहीर केली.

1910 च्या सुमारास वनस्पतिरोगतज्ज्ञ लेस्ली कोलमन यांनी म्हैसूर संस्थानातल्या पोफळींवर ती कोळेरोगासाठी वापरली. केवड्याची बुरशी आणि कोळेरोगाची बुरशी जवळच्या नातलग आहेत. आमच्या पोफळी वाचवणारी ही युक्ती द्राक्षाच्या मळ्यातून आली, हे वाडीत राबणाऱ्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं.

काबर्ने सोव्हिन्यों आता सह्याद्रीपलीकडे नाशिकला आणि अकलूजलाही पिकते. अकलूजचे फ्रातेल्ली वायनरीवाले तिच्यात इटलीची सांजोवेझे मिसळून ‘सेत्ते’ वाइन करतात. आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही, म्हणून कात्री दोनदा चालते: एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. परतीचा पाऊस रेंगाळला की कोवळ्या फुटीवर केवडा येतोच, आणि बोर्डो फवारावं लागतं. पण वाइनची द्राक्षं उतरतात जानेवारी ते मार्चमध्ये. अवकाळी आणि गारपीट सोडली तर काढणीत पावसाची धास्ती नाही. त्यामुळे अकलूजला दोन जाती एकत्र येतात त्या चवीसाठी.