अंबाजोगाईची लक्ष्मी, बसऱ्याची भिंत आणि आमचे फौजी

मागच्या महिन्यात शनिवार-रविवारला जोडून एक सुट्टी आली, म्हणून लॅपटॉप पुण्यातच ठेवून (हो, मुद्दाम!) गावी जाऊन आलो. आईला योगेश्वरीच्या दर्शनाला न्यायचं होतं. दर्शन झाल्यावर आई ओळखीच्या बायकांमध्ये रमली आणि मी अंबाजोगाईत उगाच भटकलो.

अंबाजोगाई म्हटलं की आपल्याला मुकुंदराज, दासोपंत आणि मेडिकल कॉलेज आठवतं. खोलेश्वर हे नाव आम्हा पोरांना माहीत होतं ते तिथल्या कॉलेजच्या पाटीमुळे. हा खोलेश्वर म्हणजे देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती. मोठा माणूस, त्यामुळे शिलालेखांत पराक्रमाची वर्णनं भरपूर. मी अडकलो ते मात्र शके ११६२ म्हणजे इ.स. १२४० च्या लेखात. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीवर गेला आणि तिकडेच लढाईत पडला. मागे लहान मुलगा. मग रामाची बहीण लक्ष्मी पुढे झाली. भाच्याला सांभाळलं, त्याच्या वतीनं कारभार पाहिला आणि भावाच्या आठवणीत देऊळ बांधलं.

पावणेआठशे वर्षांपूर्वीच्या एका आत्याची ही गोष्ट मला सगळ्या विजयवर्णनांपेक्षा जवळची वाटली. लढाई नर्मदेकडे झाली, निस्तरलं अंबाजोगाईत.

पण राम सेनापतीचा मुलगा होता. त्याच्याबरोबर जे साधे गडी पडले असतील त्यांचं काय? त्यांच्यासाठी फार तर वीरगळ. आपल्याकडे गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पाराशी हे दगड दिसतात. सगळ्यात खाली लढाई, कधी गाईंचा कळप (म्हणजे गडी गोधन वाचवताना मेला). वरच्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या. त्यावर तो पिंडीपुढे हात जोडून बसलेला. आणि शेंड्याला चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची कीर्ती राहील. गंमत अशी की बहुतेक वीरगळांवर नावच नसतं. आमच्या भाषेत सांगायचं तर रेकॉर्ड आहे, पण नावाचा कॉलम नल! आमच्या गावातल्या दगडाला तर शेंदूर फासून म्हसोबा करून टाकलाय. असो.

पुढच्या सातशे वर्षांत यात फार सुधारणा झाली असं वाटत असेल तर जरा थांबा. निजामाच्या काळात अंबाजोगाईचं मोमिनाबाद झालं आणि तिथं हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ मध्ये कंटिंजंटचे रिसाले हिंदी लष्करात मिसळले. त्यांतला एक, २० वी डेक्कन हॉर्स, १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत चक्क भाले घेऊन दौडत गेला.

त्याच युद्धात मराठा पलटणींची परवड झाली ती इराकमध्ये. सहावी डिव्हिजन, जिला पूना डिव्हिजनच म्हणायचे, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या दिशेनं निघाले, टेसिफॉनला अडले आणि माघार घेत कुत-अल-अमारा गावात शिरले. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पडला. (७ डिसेंबरलाच आपण शाळेत ध्वजदिनाचे छोटे झेंडे विकत घ्यायचो, तो दिवस १९४९ पासूनचा. निव्वळ योगायोग.) धान्य संपत आलं तशी घोडे-खेचरं कापायची वेळ आली. कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस घेतलं नाही. धर्म होताच, शिवाय गावाकडे कळलं तर जातीबाहेर टाकतील ही भीती. उपासमार, स्कर्व्ही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, सुमारे १३ हजार कैदी. त्यांना वाळवंटातून पायी नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्यांतले हजारो परत आलेच नाहीत.

इराकच्या मोहिमेत मेलेल्या आणि थडगं नसलेल्यांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक झालं. चाळीस हजारांहून जास्त लोकांचं. भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपाई आणि हवालदारांचा पलटणीखाली फक्त आकडा! म्हणजे काउंट ठेवला, रो उडवल्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं २०२१ मध्ये स्वतःच्याच अहवालात मान्य केलं की, पहिल्या महायुद्धातल्या किमान १ लाख १६ हजार जणांची, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या लोकांची, नावानं नोंद झाली नाही किंवा मुळीच झाली नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातले ४६ जण त्या युद्धात गेले. गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' पडलं.

हे झालं मेलेल्यांचं. जे परत आले ते तर या आकड्यातही नाहीत. जखमी होऊन आलेल्यांना काही काम शिकवावं म्हणून १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज संस्था निघाली, ती पुढे खडकीला आली. पुण्यातल्या किती जणांना माहीत आहे? मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले, १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. पद्मश्री मिळाली २०१८ ला. मला स्वतःला ते कळले २०२४ च्या सिनेमामुळे, खोटं कशाला बोलू.

आमच्या गल्लीत एक आजोबा होते, सगळे त्यांना फौजीच म्हणायचे. ६५ ला तोफखान्यात होते. दर १५ ऑगस्टला शाळेत पहिल्या रांगेत खुर्ची, नारळ, शाल. आम्ही पोरं घसा ताणून 'शूर सैनिक' वर भाषणं ठोकायचो आणि फौजी मान डोलवायचे. तोफेच्या आवाजानं त्यांचे कान गेलेले होते, त्यांना आमचा एक शब्द ऐकू येत नव्हता हे मला दहावीत कळलं. त्यांना बोला असं कुणी कधी म्हटलं नाही. मीच एकदा कानाशी जाऊन ओरडलो, "आजोबा, किती जणांना मारलं?"

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "लई पाणी होतं बघ तिकडं. काठोकाठ कालवा." आणि गप्प बसले.

पुढे इंजिनिअरिंगला असताना लाहोरजवळच्या इछोगिल कालव्याबद्दल वाचलं, तेव्हा तो कालवा कुठला ते समजलं. तोवर फौजी गेले होते.

या वेळी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढून दिली. डिस्चार्ज बुक, दोन मेडल्स आणि सुतळीनं बांधलेला कागदांचा गठ्ठा. कानाच्या पेन्शनसाठी केलेले अर्ज होते सगळे. अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज. मी आठ मोजले. उत्तर एकाचंच होतं, त्यात कागदपत्रं पुन्हा जोडायला सांगितलं होतं. मोबाइलवर फोटो काढत बसलो तर त्यांचा नातू म्हणाला, "दादा, आता काय मिळणार त्याचं?"

म्हटलं, "असू दे रे." निम्मी पानं झाली तोवर लाइट गेली. उरलेली दिवाळीत.