आधी बंदूक, मग दुर्बीण

दुर्बीण घ्यायची म्हटली की आमच्या ऑफिसातल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती एक्स?" कॅमेऱ्यात मेगापिक्सेल, लॅपटॉपमध्ये रॅम, तसा दुर्बिणीत एक्स. जितका जास्त तितकं भारी! पण सातारा-सांगलीकडच्या पक्षीनिरीक्षणाचा इतिहास चाळला, तर उत्तर जरा वेगळं निघतं.

विल्यम सायक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. १८७६ मध्ये फेअरबँक या अमेरिकन मिशनऱ्याची यादी आली, तिच्यात आपलं महाबळेश्वर आहे. १८८१ मध्ये बटलरने दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखाची यादी केली. या काळातली पद्धत एकच: पक्षी दिसला की बार टाकायचा, कातडं सोलून पेंढा भरायचा, मग पट्टीने चोच-पंख मोजायचे. ए. ओ. ह्यूमने (हो, काँग्रेसवाले ह्यूम तेच!) १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिलेला संग्रह ८० हजारांहून जास्त नमुन्यांचा होता.

ही माणसं क्रूर होती असं नाही. हातात घेतल्याशिवाय ओळख पटणार कशी? तेव्हाच्या जोड-दुर्बिणी नाटक बघायला ठीक. तीन-चार पटच मोठं दाखवायच्या आणि दिसायचं ते एवढंसं. लांब नळीच्या दुर्बिणीतून उड्या मारणारा पक्षी शोधणं म्हणजे तर शिक्षाच.

इटलीच्या पोरोने १८५४ मध्ये प्रिझमचं पेटंट घेतलं. त्यात उलटी प्रतिमा सुलटी होते आणि प्रकाशाची वाट दुमडल्यामुळे नळी आखूड होते. पण त्या दर्जाची काच मिळेना. ती जर्मनीत येना इथे तयार होऊ लागली आणि १८९४ मध्ये झाइसची प्रिझमवाली दुर्बीण बाजारात आली. १९०१ मध्ये एडमंड सेलसने 'बर्ड वॉचिंग' नावाचं पुस्तकच लिहिलं. हा गडी आधी स्वतः पक्षी मारायचा. नंतर म्हणू लागला, बंदूक ठेवा, दुर्बीण घ्या.

१९३५ मध्ये झाइसच्याच स्माकुलाने भिंगांवर लेप द्यायची युक्ती काढली. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के उजेड परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग असले की एक तृतीयांश उजेड वाटेतच गेला!

म्हणजे बंदूक सुटली ती नुसत्या एक्समुळे नाही. उजेड, रुंद दृश्य आणि स्थिर प्रतिमा एकत्र आल्यामुळे सुटली. खरेदी करताना हेच तीन बघा.

८x४२ म्हणजे आठ पट मोठं आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलिमीटर. एवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात जातो. खिशात मावणाऱ्या १०x२५ मध्ये तो अडीचच. कोयना-चांदोलीच्या गर्द झाडीत सकाळी हा फरक लगेच कळतो. शिवाय दहा पट म्हणजे हाताचा कंपही दहा पट. मायणीच्या तलावासारख्या उघड्या पाण्यावर लांबचे पक्षी बघायला १०x४२ चालेल, पण पहिली आणि एकच घ्यायची तर ८x४२. भिंगांना सगळीकडे बहुस्तरीय लेप आहे ना, हे विचारून घ्या. चष्मा असेल तर तो लावूनच दुकानात बघा.

आणि मग माण-खटाव किंवा जतच्या माळावर जा. तिथे तुरेवाला चंडोल दिसला तर पोटाकडे नीट बघा. तांबूस पोट आणि छातीवर मोजक्याच रेघा असतील, तर तो सायक्सचा चंडोल. त्याच १८३२ च्या यादीतला. सायक्सला त्यासाठी तो मारावा लागला होता. आपण नाव वहीत लिहायचं. पक्षी तिथेच राहतो, पुढच्या रविवारी दुसऱ्या कुणाला दिसायला.