हवेच्या बंदुकीचा जीर्णोद्धार

जत्रेतील फुगे फोडण्यापलीकडे हवेच्या बंदुकीला काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तोफा-तमंचांची वंशावळ आपण आदराने वाचतो. हिची गणना मात्र खेळण्यांत होते. वस्तुतः 1780 च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्डोनी नामक टायरॉली कारागिराची हवेची बंदूक प्रत्यक्ष सेवेत घेतली होती. दाबलेल्या हवेचे पात्र तिच्या दस्त्यातच असे, आणि ते भरण्यास हातपंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत. युद्धभूमीवर असा व्याप फार काळ परवडणारा नव्हता.

आज जुन्या बाजारातून ज्या बंदुका संग्राहकांच्या हाती येतात, त्यांचे कुळ निराळे आहे. त्यांतील सर्वांत मानाचे घराणे बर्मिंगहॅमचे. बी. एस. ए. ही तीन अक्षरे आपल्याकडील मागच्या पिढ्यांना सायकलींमुळे परिचित आहेत. परंतु सायकलीवर एकमेकींना टेकलेल्या तीन बंदुकांची मुद्रा का, हे कोडे थोड्यांनाच पडले असेल. ही संस्था 1861 मध्ये बर्मिंगहॅमच्या बंदूक-कारागिरांनी एकत्र येऊन काढली होती, हे त्याचे उत्तर. बोअर युद्धाने (1899–1902) इंग्रजांना आपल्या नेमबाजीची उणीव दाखवून दिली आणि घरोघरी सराव व्हावा असा विचार बळावला. त्याच शहरातील लिंकन जेफ्रीज या बंदूककाराने 1904 मध्ये हवेच्या बंदुकीचे पेटंट घेतले व 1905 पासून बी. एस. ए. ने ती घडविण्यास आरंभ केला. बर्मिंगहॅमच्या परिसरातील मद्यगृहांत तिच्या स्पर्धा रंगू लागल्या. लक्ष्याच्या छिद्रातून छर्रा पार गेला की मागची घंटा वाजे.

जेफ्रीजची युक्ती साधी होती. नळी मोडून छर्रा भरण्याऐवजी त्याने नळी स्थिरच ठेवली, त्यामुळे नेम ढळण्याचे कारण उरले नाही. नळीखालचा दांडा ओढला की दट्ट्या मागे सरून स्प्रिंग दबते. नळीच्या मुळाशी असलेली तोटी फिरवून तिच्या भोकात छर्रा ठेवायचा, ती पूर्ववत फिरवायची आणि चाप ओढायचा. सुटलेला दट्ट्या पुढची हवा दाबतो व ती छऱ्याला बाहेर फेकते.

खरेदी करणाराने पाहावयाच्या गोष्टी या रचनेतूनच निघतात. तोटी झिजली असेल तर हवा कडेने निसटते आणि नवी स्प्रिंग घालूनही बंदूक निर्जीवच राहते. दट्ट्यावरील चामड्याचे वायसर वाळले असेल, तर त्याची चिंता करू नये. ते तेलात मुरवता येते किंवा नवे कापता येते. स्क्रूंची तोंडे कुरतडलेली दिसली, तर आपल्या आधी एखादा अडाणी हात आत जाऊन आला आहे असे समजावे. दबलेली स्प्रिंग वेगाने उसळते, म्हणून ती उलगडताना पकडसाधन हवेच. आणि सौदा करण्यापूर्वी 1959 चा शस्त्र अधिनियम व 2016 चे नियम चाळणे, हे आमच्या वाचकांना सांगावे लागू नये.

खरा वाद यापुढे आहे. गंजलेली बंदूक हाती आली की पॉलिशपेपर घेऊन ती लखलखीत करण्याचा मोह होतो. परंतु पत्र्यावर उमटविलेला पेटंटाचा उल्लेख, अनुक्रमांक, दस्त्यावरील मुद्रा ही त्या वस्तूची जन्मपत्रिका असते. अनुक्रमांकावरून संग्राहक तिचा काळ ठरवितात. तो मजकूर एकदा घासला गेला की कोणतीही झिलई तो परत आणीत नाही.

पुराव्याचे हे महत्त्व ‘डायना’ या नावाच्या इतिहासात विशेष दिसते. जर्मनीतील रास्टाट येथे 1890 मध्ये मेयर आणि ग्रामेल्सपाखर यांनी कारखाना काढला. धनुष्य टाकून बंदूक उंचावणारी मृगयादेवी ही त्यांची मुद्रा. दुसऱ्या महायुद्धानंतर नाव व यंत्रसामग्री स्कॉटलंडच्या मिलार्ड ब्रदर्सकडे गेली, आणि मूळ कारखान्याला आपल्याच बंदुका परदेशी ‘ओरिजिनल’ या नावाने विकाव्या लागल्या. पुढे 1980 नंतरच्या दशकात नाव स्वगृही परतले. तेव्हा ‘डायना’ एवढे वाचून बंदूक जर्मन ठरत नाही. ठरविते ते शेजारचे बारीक अक्षर, आणि घासणाऱ्याच्या हातून पहिले जाते तेही तेच.

बी. एस. ए. च्या बाबतीतही असेच. 1939 मध्ये युद्धकार्यासाठी तेथील हवेच्या बंदुकांचे काम थांबले. 19 नोव्हेंबर 1940 च्या रात्री स्मॉल हीथच्या कारखान्यावर बॉम्ब पडून 53 कामगार मृत्युमुखी पडले. युद्धानंतर जुन्या नमुन्यांच्या जागी नवे आले. 1948 चा ‘एअरस्पोर्टर’ हा त्यांतलाच. युद्धपूर्व बंदूक म्हणूनच एका संपलेल्या कारागिरीची साक्षीदार आहे.

आमच्या मते जीर्णोद्धार म्हणजे वस्तूला पुन्हा चालती करणे, तिला नवी करणे नव्हे. वायसर बदलावे, स्प्रिंग बदलावी, गंज तेलाने हळुवार सोडवावा. काढलेला प्रत्येक मूळ भाग मात्र जपून ठेवावा. अक्रोडी दस्त्यावरचे ओरखडे आपण पाडलेले नाहीत. ते पुसण्याचा अधिकारही आपला नाही.