एक सिनेमा, दोन भाषा: बोलपटाने मांडलेलं नवं गणित

आजचा प्रश्न सोपा आहे. सिनेमा बोलायला लागला, तेव्हा निर्मात्यांचा फायदा झाला की तोटा?

आपण म्हणू, फायदाच. पण जरा थांबा. मूकपटाला भाषा नव्हती. मधल्या पाट्या दोन-तीन भाषांत लिहिल्या की तोच सिनेमा लाहोरला चाले आणि मद्रासलाही. १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि हे गणित मोडलं. पात्रं बोलू लागली, म्हणजे कुठल्यातरी एकाच भाषेत बोलू लागली. खर्च वाढला, बाजार मात्र भाषेभाषेत वाटला गेला.

कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेल्या 'प्रभात'पुढे हाच पेच होता. नुसता मराठी सिनेमा काढला तर गिऱ्हाईक थोडं, नुसता हिंदी काढला तर घरचा प्रेक्षक दूर. त्यांनी काय केलं? १९३२चा 'अयोध्येचा राजा' दोनदा चित्रित केला. सेट तेच, कपडे तेच, प्रसंग मात्र एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत. मोठा खर्च एकदाच, विक्री दोन बाजारांत. पुढे 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' याच वाटेने गेले. 'शेजारी'च्या हिंदी रूपात तर केशवराव दात्यांच्या जागी मजहर खान आले.

आता दुसरी बाजू. बोलपटाला गाणारे नट हवे होते आणि ते तयार होते संगीत रंगभूमीवर. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले, संगीतही त्यांनीच दिलं. म्हणजे रंगभूमीचीच माणसं घेऊन सिनेमा रंगभूमीचा प्रेक्षक ओढत होता. खुद्द बालगंधर्वांनी प्रभातशी भागीदारी केली. १९३५चा 'धर्मात्मा' हा त्यातला एकमेव सिनेमा. ते पुन्हा नाटकाकडे वळले, पण नाटक कंपन्यांचे जुने दिवस काही परतले नाहीत.

आणि गंमत बघा. प्रभातचं सर्वांत गाजलेलं यश, १९३६चा 'संत तुकाराम', मराठीतच होता. मुंबईत एकाच थिएटरात तो वर्षाहून जास्त चालला. म्हणजे बाजार रुंद करणं हा एक मार्ग, आणि आपल्या माणसांत खोल जाणं हा दुसरा.

आज डबिंगच्या जोरावर एकच सिनेमा पाच भाषांत येतो, तेव्हा हा हिशेब आठवावा. तंत्र बदललं की धंद्याला वाट सापडते. कुणाच्या पोटावर पाय येतो, हेही विचारायला हवं.