जीप नेमकी कोणाची?

आजच्या भागाचा विषय आहे गाडी. पण मायलेज, किंमत, सनरूफ असलं काही आज बोलायचं नाहीये. आज बोलायचंय ते एका नावाबद्दल. जीप.

आधी या शब्दाकडेच बघा. मराठीत आपण 'जीप' म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर कंपनी येत नाही, गाडीचा प्रकार येतो. पोलिसांची जीप, फॉरेस्टवाल्यांची जीप, तहसीलदारांची जीप, निवडणुकीत भोंगा लावून फिरणारी जीप. सातारा-कोल्हापूरकडं वडापची जीप, मराठवाड्यात आणि विदर्भात काळी-पिवळी. यातल्या निम्म्याअधिक गाड्यांवर 'जीप' असं कुठंच लिहिलेलं नसायचं. तरी ती जीपच. वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणायचो, त्यातलाच हा प्रकार.

असं झालं की एक प्रश्न उभा राहतो. जे नाव सगळ्यांचं झालं, ते मुळात कोणाचं? आणि ती गाडी पहिल्यांदा केली कोणी? या प्रश्नावर अमेरिकेत अनेक वर्षं भांडण झालं, आणि त्या भांडणाचं एक टोक थेट मुंबईच्या माझगावपर्यंत येतं. म्हणून आज हा विषय घेतलाय.

चला, १९४० सालात जाऊ. युरोपात युद्ध पेटलंय. जर्मन सैन्याने फ्रान्स काही आठवड्यांत घेतलाय. अमेरिका अजून युद्धात उतरलेली नाही, पण उतरावं लागणार हे लष्करातल्या लोकांना दिसतंय. आणि त्यांच्याकडे टेहळणीसाठी काय आहे? घोडे, मोटरसायकली आणि जुन्या मोटारी. जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली. हवं होतं ते असं: हलकी, बुटकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी. आणि मुदत? पहिला नमुना ४९ दिवसांत दारात हवा.

१३५ पैकी पुढे आल्या फक्त दोन कंपन्या. एक विलीज-ओव्हरलँड, आणि दुसरी अमेरिकन बँटम. ही बँटम म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची छोटी कंपनी. छोट्या मोटारी करायची, आणि त्या खपत नव्हत्या. जवळजवळ दिवाळं निघालेलं. कंपनीत डिझाइन करायला माणूससुद्धा नव्हता. त्यांनी बाहेरून कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावलं. या माणसाने साधारण दोन दिवसांत गाडीचा आराखडा कागदावर उतरवला. विलीजची बोली कमी किमतीची होती, पण ४९ दिवसांत नमुना देण्याची हमी त्यांना देता आली नाही. काम बँटमला मिळालं.

२३ सप्टेंबर १९४० हा मुदतीचा शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचपर्यंत गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्डच्या लष्करी केंद्रावर पोचवायची होती. बँटमच्या लोकांनी ती ट्रकवर चढवून नेली नाही, स्वतः चालवत नेली. मुदत संपायला अर्धा तास असताना गाडी दारात हजर.

इथं गोष्ट संपायला हवी होती, नाही का? गरीब कंपनी, अवघड मुदत, काम फत्ते. पण लष्कराचा हिशेब वेगळा होता. गाडी आवडली, पण हजारोंच्या संख्येने ती करायची तर एवढीशी कंपनी पुरी पडेल याचा भरवसा नव्हता. मग चाचण्या चालू असतानाच विलीज आणि फोर्डच्या माणसांना ती गाडी बघू दिली गेली, बँटमचे आराखडेही त्यांच्या हाती दिले गेले. लष्कराचं म्हणणं असं, की सरकारने पैसे मोजलेत तर आराखडा सरकारचा. नोव्हेंबर १९४० मध्ये विलीजची 'क्वाड' आणि फोर्डची 'पिग्मी' चाचणीला उभी राहिली. दोन्ही दिसायला बँटमच्या चुलत बहिणी.

आता विलीजवर अन्याय नको करूया. त्यांच्याकडे एक गोष्ट खरोखर सरस होती, ती म्हणजे इंजिन. त्यांचे मुख्य इंजिनिअर डेल्मर रूस, सगळे त्यांना बार्नी म्हणायचे. या माणसाने कंपनीच्या जुन्या चार सिलिंडर इंजिनावर मेहनत घेऊन ते ६० हॉर्सपॉवरपर्यंत नेलं होतं. नाव 'गो-डेव्हिल'. बाकी दोघांपेक्षा ते स्पष्टपणे दमदार होतं. अडचण एकच, गाडीचं वजन फार भरत होतं. लष्कराची मर्यादा २१६० पौंड, म्हणजे ९८० किलोच्या आसपास. रूस यांनी इंजिन बदलायला नकार दिला आणि बाकी सगळं झिजवलं. बोल्ट आखूड केले, पत्रा हलका केला, रंगाचा थरसुद्धा पातळ केला. आणि बसवलं वजन मर्यादेत.

१९४१ च्या जुलैत मोठं कंत्राट विलीजला गेलं. पुढे मागणी एवढी वाढली की फोर्डलाही विलीजच्याच आराखड्यावर गाड्या करायला सांगितलं गेलं. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर गाड्या केल्या. आणि बँटम? सगळ्या मिळून पावणेतीन हजारांच्या आत. नंतर त्यांना काम दिलं ते जीपच्या मागे जोडायच्या ट्रेलरचं. ज्यांनी गाडी पहिल्यांदा उभी केली, ते तिच्या मागचा गाडा करत बसले.

या गाडीत एवढं होतं तरी काय? साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना जाते. ती दोन चाकं चिखलात घसरायला लागली की खेळ खलास. जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, ट्रान्स्फर केस. ती ताकद पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलला वाटून देते. वर तिच्यात एक हळू गिअरही असतो. तो टाकला की गाडी चालते मुंगीच्या पावलांनी, पण ओढायची ताकद वाढते, बैल चढावर दमानं ओढतो तशी. शिवाय गाडी आखूड, हलकी, दारं नाहीत, काच पुढे पाडता येते. अडकलीच तर चार-पाच जण मिळून उचलून बाहेर काढतात. आणि बिघडली तर पान्हा आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन रस्त्याकडेला दुरुस्त होते. माझ्या मते तिची ख्याती या शेवटच्या गुणावर उभी आहे. न बिघडणारी गाडी असा तिचा लौकिक नव्हताच. बिघडली तरी घरी आणणारी गाडी, असा होता.

सेनापती आयझेनहॉवर यांनी युद्ध जिंकायला उपयोगी पडलेल्या साधनांत बुलडोझर, अडीच टनी ट्रक, सी-४७ विमान आणि जीप यांची नावं घेतली. गंमत बघा, यातलं एकही मुळात मारायचं हत्यार नाही. सगळी वाहून नेणारी, रस्ता करणारी साधनं.

आता नावाकडे येऊ. 'जनरल पर्पज' म्हणजे जी.पी., आणि जी.पी.चं झालं जीप, हे तुम्ही नक्की ऐकलं असेल. ऐकायला गोड आहे, पण फोर्डच्या 'जी.पी.' या सांकेतिक नावात जी म्हणजे सरकारी काम, आणि पी म्हणजे ८० इंची चाकांतर असलेली गाडी. जनरल पर्पजचा तिथं संबंध नाही. दुसरीकडे पॉपाय या चित्रमालिकेत १९३६ पासून 'यूजीन द जीप' नावाचा प्राणी होता. कुठंही जाणारा, काहीही करणारा. आणि लष्करात नव्या रंगरुटाला, नव्या यंत्राला 'जीप' म्हणायची पद्धत आधीपासून होती. फेब्रुवारी १९४१ मध्ये विलीजच्या चालकाने वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या पायऱ्यांवर गाडी चढवून दाखवली. बातमीदाराने गाडीला काय म्हणतात विचारलं, त्याने सांगितलं, जीप. पेपरात छापून आलं आणि नाव चिकटलं.

विलीजने ही संधी सोडली नाही. जीप आम्हीच निर्माण केली, अशा जाहिराती युद्धकाळातच सुरू केल्या. बँटमवाले चिडले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९४३ मध्ये तक्रार दाखल केली आणि १९४८ मध्ये आदेश दिला की 'आम्ही जीप निर्माण केली' असा दावा विलीजने करायचा नाही. म्हणजे बँटम जिंकली? कागदावर, हो. पण १९५० मध्ये 'जीप' हे नाव ट्रेडमार्क म्हणून विलीजच्याच नावावर नोंदलं गेलं. श्रेय एकाचं, सातबारा दुसऱ्याच्या नावावर. आपल्याकडे गावोगावी चालतं तेच.

मात्र नाव नोंदवून विलीजचंही भलं झालं असं नाही. १९५३ मध्ये कंपनी कायझरने घेतली. मग १९७० मध्ये अमेरिकन मोटर्स, १९८७ मध्ये क्रायस्लर, पुढे डेमलर, फियाट आणि २०२१ पासून स्टेलांटिस. मालक बदलत गेले. टिकलं ते नाव, आणि पुढची उभ्या फटींची जाळी.

आता भारत. २ ऑक्टोबर १९४५ ला एक कंपनी स्थापन झाली, महिंद्रा अँड मोहम्मद. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद. धंदा पोलादाचा. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव झालं महिंद्रा अँड महिंद्रा. कैलाशचंद्र युद्धकाळात वॉशिंग्टनला भारताच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख होते. या गाडीची अमेरिकेतली कीर्ती त्यांनी जवळून बघितली होती. खड्डे, चिखल आणि बैलगाडीच्या वाटा असलेल्या देशाला हीच गाडी हवी, हे गणित त्यांना जमलं. १९४० च्या दशकाच्या शेवटी माझगावला विलीजच्या सुट्या भागांतून जीप जुळवायला सुरुवात झाली.

नव्या देशाची जीपशी ओळख मात्र नुसती गोड नाही. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनहून जुन्या, दुरुस्त केलेल्या जीप मागवल्या गेल्या. आल्या त्या मोजक्या, आणि त्याही वापरण्याजोग्या नव्हत्या. त्या व्यवहारात उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांचं नाव आलं. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा गाजलेला घोटाळा म्हणून 'जीप घोटाळा' आजही आठवला जातो.

पण माझगावची जीप रुजली. उंच बॉनेटची 'सीजे-३बी' अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली, आपल्याकडे तिचं बिऱ्हाड पुढे कितीतरी वर्षं हललं नाही. बॉनेट उंच का, तर आतलं नवं इंजिन उंच होतं, मावत नव्हतं. शोभेसाठी नव्हे. नंतर डिझेल इंजिनं आली, लांब गाड्या आल्या, आणि खेड्यात जिथं एसटी दिवसातून एकदा यायची तिथं जीप हीच एसटी झाली. आत दहा, मागे लटकलेले पाच, टपावर कोंबड्या आणि पोती. या ख्यातीला काळी बाजूही आहे. उंच, आखूड गाडी वळणावर उलटते. अमेरिकेत १९८० च्या सुमारास सीजे-५ च्या उलटण्यावर मोठा गदारोळ झाला. आपल्याकडे क्षमतेच्या दुप्पट माणसं भरलेल्या वडापचे अपघात आपण सगळ्यांनीच वाचलेत. जीप कुठंही जाते, या विश्वासाची किंमत कोणीतरी मोजलीय, हे विसरू नये.

आता या गोष्टीचं शेवटचं वळण. २०१८ मध्ये महिंद्राने अमेरिकेत 'रॉक्सर' नावाची गाडी आणली. रस्त्यावर नव्हे, शेतात-रानात चालवायची. दिसायला थेट जुनी जीप. ती जुळवली जायची मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्सला, जिथं क्रायस्लरचं मुख्यालय आहे! फियाट क्रायस्लरने तक्रार केली की ही आमची नक्कल आहे. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जीपच्या रूपाची नक्कल झाल्याचं मानून त्या रॉक्सरवर बंदी घातली. मग महिंद्राने पुढचं तोंड बदललं आणि त्या वर्षाअखेरीस बदललेली गाडी चालेल असा निर्णय आला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला इकडे नवी 'थार' दाखवली गेली. आणि खुद्द जीप ब्रँडची 'कंपास' २०१७ पासून आपल्या पुण्याजवळ रांजणगावला तयार होतेय. म्हणजे अमेरिकन जीप महाराष्ट्रात, आणि मुंबईची जीप अमेरिकेत कोर्टात.

कोणाचं बरोबर? कायद्याने बघितलं तर ज्याच्याकडे नोंद, त्याचं. पण मला राहून राहून वाटतं, नकलेची तक्रार करणाऱ्यांच्या घराण्याची सुरुवातच दुसऱ्याचा आराखडा हातात घेऊन झाली होती. आणि हे एकटे नव्हेत. इंग्लंडात मॉरिस विल्क्स यांनी आपल्या शेतावरची युद्धातली जुनी जीप बघून १९४८ मध्ये लँड रोव्हर आणली. टोयोटाने १९५१ मध्ये 'टोयोटा जीप' केली, ती फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून दाखवली. पण जीप हे नाव वापरता येईना, म्हणून १९५४ मध्ये तिचं झालं लँड क्रूझर. फिलिपिन्समध्ये लोकांनी अमेरिकन सैन्याच्या टाकून दिलेल्या जीप लांबवल्या, रंगवल्या आणि 'जीपनी' केली. ती तर कोणत्याच कंपनीची नाही.

म्हणून माझं उत्तर असं. आराखडा बँटमचा, इंजिन विलीजचं, नाव कागदोपत्री आज ज्याच्याकडे आहे त्याचं. पण नावाला वजन आलं ते चालवणाऱ्यांमुळे. सैन्यातले मेकॅनिक, घाटातले ड्रायव्हर, गॅरेजात उसने भाग लावून गाडी चालू ठेवणारे मिस्त्री. त्यांचं नाव कुठल्याच जाहिरातीत आलं नाही. पुढच्या वेळी कोणी 'लेजेंडरी' म्हणत दहा-वीस लाखांची गाडी विकायला आलं, तर बटलर गावची ती छोटी कंपनी एकदा आठवा.

तुमच्या गावाकडे जीपला काय म्हणायचे, वडाप, काळी-पिवळी की आणखी काही, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.